‘पाठीचं ऑपरेशन झालं? मग धावणं विसरा’ : त्या संदेशातल्या सहा मुद्द्यांना उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला. शाळेच्या गटावर, माहेरच्या गटावर, देवस्थानच्या महिला मंडळाच्या गटावर आणि पहाटे धावायला येणाऱ्या आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या मंडळींच्या गटावरसुद्धा. वर लाल अक्षरांत ‘मणक्याच्या रुग्णांनी जरूर वाचा’, खाली सहा मुद्दे, शेवटी ‘कुणाचा तरी कणा वाचेल, पुढे पाठवा’. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

मुद्दे थोडक्यात असे. पाठीचं ऑपरेशन झालं की कणा कायमचा कमजोर होतो. धावल्याने मणके एकमेकांवर आपटतात आणि मधली गादी झिजते. एमआरआयमध्ये गादी सुकलेली किंवा ‘गॅप’ दिसला तर धावण्याचा विचारही करू नये. ऑपरेशननंतर सहा महिने पूर्ण विश्रांती घ्यावी, कमरेला पट्टा बांधावा आणि वाकणं कायमचं सोडावं. राहवतच नसेल तर वाळूवर अनवाणी धावावं. आणि पुन्हा दुखलं तर गादी परत सरकली असं समजावं.

मी उत्तर लिहायला बसले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. चौथीत माझ्या वर्गात होती, आज २९ वर्षांची आहे, आमच्याच वाड्यावर दिली आहे. दहा आठवड्यांपूर्वी तिच्या कमरेच्या गादीचं ऑपरेशन झालं. पायातली कळ गेली, टाके सुकले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ती रोज संध्याकाळी तळीपर्यंत जाऊन येत होती. आठ दिवस दिसली नाही म्हणून घरी गेले, तर पलंगावर आडवी. कमरेला पट्टा. तीन वर्षांचं पोर पलंगाच्या कडेला धरून ‘घे’ म्हणत होतं आणि ती त्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत होती. म्हणाली, ‘‘बाई, डॉक्टर चाला म्हणाले, पण ह्यात विश्रांती लिहिलीय. चुकून काही झालं तर? वाकूच नको म्हणतात, मग ह्याला उचलू कसं?’’

मी डॉक्टर नाही. प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४७. चार वर्षांपूर्वी माझ्याही कमरेची शेवटची गादी, एल-५ (कमरेचा शेवटचा मणका) आणि एस-१ (त्याच्या खालच्या माकडहाडाचा पहिला भाग) यांच्या मधली, फाटून तिचा तुकडा डाव्या नसेवर बसला. सात आठवडे औषधं, फिजिओथेरपी, वाट पाहणं सगळं केलं. बहुतेकांचं दुखणं तेवढ्यात ओसरतं. माझं ओसरलं नाही, उलट पायाची ताकद जायला लागली, म्हणून जुलैच्या शेवटी ऑपरेशन. आज मी आठवड्याला पंचवीसेक किलोमीटर धावते. म्हणून सगळ्यांनी धावावं असं माझं म्हणणं नाही. पण त्या संदेशाने एका तरुण मुलीला पलंगावर आडवं केलं, आणि त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

‘ऑपरेशन झालं की कणा कायमचा कमजोर’

कुठलं ऑपरेशन? संदेशात फक्त ‘मणक्याचं ऑपरेशन’ एवढंच आहे, आणि पहिली गफलत तिथेच होते.

माझं आणि त्या मुलीचं झालं ते मायक्रोडिस्केक्टॉमी. कमरेवर, कण्याच्या मध्यरेषेत छोटा छेद, मणक्याच्या मागच्या कमानीची किंचित कड आणि तिथला थोडा अस्थिबंध बाजूला करून, नसेवर बसलेला गादीचा तुकडा काढून घेतात. बाकीची गादी जागेवर राहते. मणके सुटे होत नाहीत, स्क्रू लागत नाहीत. उतारवयात नसांची वाट अरुंद होते तेव्हा कमानीचा भाग काढून जागा मोकळी करतात, ते लॅमिनेक्टॉमी. आणि दोन मणके स्क्रू-सळ्यांनी धरून हाडाने कायमचे जोडतात, ते फ्यूजन. त्यात हाड जुळायला महिने लागतात, आणि धावण्याचा विषय सर्जन साधारण सहा महिने ते वर्षभराने काढतात. मायक्रोडिस्केक्टॉमीनंतर तोच विषय बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात निघतो. या तिघांना एकच नियम लावणं म्हणजे मोतीबिंदू आणि दात काढणं एका यादीत घालण्यासारखं आहे.

फुटलेली गादी नसेवर दाबून पायात कळ आणते हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये छापून मांडलं. त्या काळातल्या मोठ्या छेदाच्या आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवण्याच्या आठवणी घराघरांतल्या वडीलधाऱ्यांकडे अजून आहेत. माझ्या सासूबाईंच्या मावशींचं असंच झालं होतं, त्या पुढे काठीशिवाय चालल्या नाहीत. ही भीती खोटी नाही. ती जुन्या ऑपरेशनची आहे.

‘धावल्याने मणके आपटतात आणि गादी झिजते’

या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण बाकीचे सगळे याच्यावर उभे आहेत.

मणके एकमेकांवर आपटत नाहीत, मध्ये गादी असते. तिच्या बाहेर सुंभासारखे आडवेतिडवे घट्ट तंतू, आत पाण्याने भरलेला गर. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिला अन्न-पाणी मिळतं ते वरच्या-खालच्या मणक्यांच्या पातळ पडद्यांतून झिरपून. दिवसभर भार पडतो तेव्हा थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर परत आत येतं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. दाब आणि सुटका, दाब आणि सुटका, यावर गादी जगते. स्कूटरच्या ब्रेकच्या रबरासारखी ती घासून संपणारी वस्तू नव्हे. वापराप्रमाणे स्वतःला हळूहळू बदलणारी जिवंत पेशींची वस्तू आहे. फार हळूहळू, हे मात्र खरं.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पंचविशी ते पस्तिशीतल्या ७९ जणांचे एमआरआय तपासले. काही जण काहीच व्यायाम न करणारे, काही आठवड्याला २० ते ४० किलोमीटर धावणारे, काही ५० हून जास्त धावणारे, आणि धावणारे सगळे निदान पाच वर्षं धावत असलेले. धावणाऱ्यांच्या गाद्यांत पाणी जास्त होतं, आणि ते पाणी धरून ठेवणारी द्रव्यंही. जोरात चालणं आणि संथ धावणं या टप्प्यातली हालचाल गादीला सगळ्यांत मानवते, असंही त्यांना दिसलं. या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे लोक ऑपरेशन झालेले नव्हते, आणि एकदाच काढलेल्या चित्रावरून आधी काय आणि नंतर काय हे पक्कं ठरत नाही. पण धावल्याने गादी झिजतेच असं असतं, तर आठवड्याला ५० किलोमीटर धावणाऱ्यांच्या गाद्या सगळ्यांत वाईट दिसायला हव्या होत्या.

दुसरा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. १९९९ मध्ये जर्मनीतल्या विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत चक्क दाब मोजणारी सुई बसवली आणि दिवसभरातल्या हालचालींचे आकडे टिपले. माणूस एकच होता, तेव्हा दशांशाला चिकटून बसू नये. पण तुलना बघा. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल (हे दाबाचं माप). सैल उभं राहिल्यावर ०.५. चालताना ०.५३ ते ०.६५. कॅनव्हासचे बूट घालून हळू धावताना ०.३५ ते ०.८५. पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८३. आणि पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला दोन गोष्टी एकदम आठवल्या. पहिली, जूनमधली ती सकाळ. स्कूटरच्या पायरीवर उकड्या तांदळाचं २५ किलोचं पोतं, पाऊस सुरू झालेला, पोतं भिजू नये म्हणून मी घाईने वाकून, अंग पिळून ते उचललं. कमरेत काहीतरी ओल्या कापडासारखं फाटलं. गादी आधीपासून कमजोर झालेली असणार, पोतं निमित्त झालं. पण ‘धावते म्हणून झालं’ असंच सगळे म्हणाले, पोत्याचं नाव कुणी घेतलं नाही. दुसरी गोष्ट, त्याच वर्षीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. ऑपरेशनला पाच-सहा आठवडे झालेले. मला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधू दिली नाही, आरास करू दिली नाही, ‘तू आपली शांत बसून नेवऱ्या (करंज्या) कर’ म्हणून जमिनीवर पाटावर बसवलं. दोन तास पुढे वाकून नेवऱ्यांच्या कडा मुरडल्या आणि उठताना मांडीपर्यंत कळ आली. घरच्यांनी प्रेमाने मला जे आरामाचं काम दिलं, त्याचा गादीवरचा दाब हळू धावण्यातल्या सर्वांत मोठ्या दाबाएवढा होता. नंतर मी उंच स्टुलावर बसून ओट्यावर केल्या, काही झालं नाही.

‘एमआरआयमध्ये गादी सुकलेली किंवा गॅप दिसला तर संपलं’

आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आलाय’ हा शब्द इतका रुळला आहे की लोकांना वाटतं मणके सुटून मध्ये फट पडली. खरं उलट असतं. गादीतलं पाणी कमी होऊन तिची उंची घटते, मणके थोडे जवळ येतात. आणि हे वयाबरोबर जवळपास सगळ्यांचं होतं. २०१५ मध्ये कसलंही पाठदुखणं नसलेल्या ३,११० लोकांच्या चित्रांचा एकत्र आढावा छापला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. गादी फुगलेली विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. हे सगळे न दुखणारे लोक.

म्हणजे एमआरआय निरुपयोगी असं नव्हे. माझी कळ डाव्या पोटरीतून करंगळीपर्यंत जात होती, टाचेचा रिफ्लेक्स (टाचेमागे हलकं ठोकलं की पाऊल आपोआप हलतं तो) गेलेला, आणि चित्रात तुकडा नेमका त्याच नसेवर. तिन्ही जुळलं म्हणून ऑपरेशन. पण अहवालातला ‘डिजनरेशन’, म्हणजे झीज, हा एकटा शब्द वाचून कुणी धावणं सोडलं असेल, तर त्याने तो कागद ऑर्थोपेडिक डॉक्टरांपुढे ठेवून ‘माझ्या लक्षणांशी हे जुळतं का’ एवढं विचारावं.

‘सहा महिने पूर्ण विश्रांती, पट्टा, आणि वाकणं कायमचं बंद’

त्या मुलीला पलंगावर झोपवलं ते याच वाक्याने.

पहिल्या काही आठवड्यांत जपायचं असतं, यात वाद नाही. गादीच्या बाहेरच्या तंतूंतलं भोक भरून यायला वेळ लागतो. मलाही सहा आठवडे जड उचलणं, खोल वाकणं आणि वाकून पिळणं मना होतं. पण दुसऱ्या दिवशी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवलं होतं, आणि घरी आल्यावर रोज थोडं वाढवत चालायचं, हेच काम दिलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॅरागी यांनी अशा ऑपरेशननंतर १५२ रुग्णांवर कुठलंच बंधन न घालता त्यांचा पाठपुरावा केला. बहुतेक लोक लवकर कामावर परतले आणि बंधनं नसल्याने घात झाला असं दिसलं नाही. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था), ज्यात २२ चाचण्या पाहिल्या होत्या, निष्कर्ष असा की ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू करणाऱ्यांचं दुखणं आणि अडचण काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी होते, आणि व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशन करायची वेळ वाढते असा पुरावा नाही. तिथेही पुरावा फार भक्कम नाही, हे आढावा स्वतः सांगतो. पण सहा महिने झोपण्याच्या बाजूने तेवढाही नाही.

झोपून राहिले असते तर काय गेलं असतं ते मला माहीत आहे. तुकडा नसेवर बसला होता तेव्हा माझ्या डाव्या पोटरीची ताकद गेली. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच उचलायची, ही परीक्षा. उजव्या पायावर पंचवीस. डाव्यावर शून्य. टाच फरशीला गोंद लावल्यासारखी चिकटलेली. मी मनात पूर्ण जोर लावायचे आणि पायाला तो निरोपच पोचायचा नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने दोन्ही टाचा एकत्र उचलायला लावल्या. मग दोन्हीवर वर जायचं, एकट्या डाव्यावर खाली यायचं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी तेवढंच करायचे. सातव्या आठवड्यात एकट्या डाव्या पायावर पहिली टाच उचलली गेली, जेमतेम दोन बोटं. मी मुलाला हाक मारून बोलावलं आणि दाखवली. बाराव्या आठवड्यात अकरा झाल्या. पट्टा बांधून पडून राहिले असते, तर ही पोटरी परत आली नसती, कारण नस मोकळी झाल्यावरसुद्धा स्नायूला काम द्यावंच लागतं.

पट्ट्याबद्दल एवढंच. काही ऑपरेशनांनंतर, विशेषतः फ्यूजननंतर, काही सर्जन तो काही काळ देतात. दिला असेल तर सांगितलेले दिवस वापरावा. कुणी दिलेला नसताना दुकानातून आणून महिनोन्‌महिने बांधू नये.

आणि वाकणं. कणा वाकण्यासाठीच बनलेला आहे. सहाव्या आठवड्यानंतर मला पुन्हा वाकायला शिकवलं, तेही पायरी-पायरीने. आधी कमरेतून नव्हे, मांडीच्या सांध्यातून वाकायचं, हातात रिकामी कळशी. मग चतुर्थांश भरलेली. मग अर्धी. वजन शरीराला चिकटवून. विल्के यांच्या त्याच मोजमापात २० किलो पाठ गोल करून उचलताना दाब २.३ होता, गुडघे वाकवून उचलले तर १.७, आणि उचललेलं अंगाजवळ धरलं तर १.१. तेच वजन, उचलण्या-धरण्याची पद्धत वेगळी.

परत धावायला मी पंधराव्या आठवड्यात लागले, सर्जनने होकार दिल्यावर. त्याआधी तीन गोष्टी जमायला हव्या, असं ठरलं होतं. पाऊण तास भरभर चालणं आणि पायात कळ नाही. डाव्या पायावर निदान पंधरा टाचा. एका पायावर दहा लहान उड्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ कालच्यासारखीच. नोव्हेंबरचे दिवस, पाऊस गेलेला, शाळेचं तांबडं मैदान सुकून घट्ट झालेलं, सपाट. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. पहिल्या दिवशी मी वेगाकडे पाहिलं नाही, आवाज ऐकला. उजवं पाऊल ‘टप’ आणि डावं ‘फप’. पोटरी अजून जमिनीला रेटा देत नव्हती. ते दोन आवाज सारखे व्हायला जानेवारी उजाडला. पावलं लांब टाकण्याऐवजी आखूड आणि जरा भरभर टाकली की धक्का कमी बसतो, हेही तेव्हाच अंगवळणी पडलं. एका आठवड्यात वेळ वाढवायचा किंवा वेग, दोन्ही कधीच नाही. फर्मागुडीच्या चढ-उताराला मी सहा महिने हात लावला नाही. चढण्यापेक्षा उतरताना लागणारे ब्रेक कमरेला जास्त जाणवतात.

इथे दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही एक सांगायचं आहे. या संदेशाखाली आमच्या गटात कुणीतरी लगेच लिहिलं, ‘बुमराह आला ना परत, मग?’ जसप्रीत बुमराहच्या पाठीचं ऑपरेशन मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये झालं आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये खेळला. पण त्याचं दुखणं वेगवान गोलंदाजाच्या पाठीतल्या हाडावरच्या ताणाचं होतं, गादीचं नव्हे, आणि त्याच्या दिमतीला रोज माणसं होती. त्याच्या महिन्यांवरून आपले महिने मोजू नयेत.

‘धावायचंच तर वाळूवर, अनवाणी’

सहा मुद्द्यांतला हा एकच मुद्दा धावायला परवानगी देतो, आणि गोव्यात तो सगळ्यांत जास्त पाळला जाईल, कारण समुद्र जवळ आहे आणि सल्ला सुखाचा वाटतो. ऑपरेशननंतर सुरुवातीला धावायला सैल वाळू मला सगळ्यांत अयोग्य वाटते.

वाळू मऊ म्हणून धक्का कमी, हे खरं. पण पाऊल रुततं, प्रत्येक पावलाला रेटा द्यायचं काम पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर येतं. १९९८ मध्ये मोजलं गेलं तेव्हा वाळूवर धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट शक्ती लागली. ज्याची एस-१ ची, म्हणजे पोटरीकडे जाणारी नस नुकती मोकळी झाली, त्याची नेमकी पोटरीच कमजोर असते. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर एका दिशेने धावत गेलात की समुद्राकडचा पाय सतत खालच्या पातळीवर पडतो, कंबर एका बाजूला कलते. येताना दुसऱ्या बाजूला. निरोगी माणसाला याचं काही वाटणार नाही, नुकतं ऑपरेशन झालेल्याला वाटतं. मी आठव्या महिन्यात गेले, ओहोटीला, पाण्यालगतच्या घट्ट आणि सपाट पट्ट्यावर, बूट घालून, पंधरा मिनिटं. तेवढं जमलं.

आपल्याकडच्या जमिनीबद्दल आणखी एक. पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायवाटांवर आणि गडग्यांच्या कडेला हिरवं शेवाळ धरतं. घसरताना स्वतःला सावरायला जो अचानक झटका बसतो, तो शांतपणे धावलेल्या पाच किलोमीटरपेक्षा महाग पडू शकतो. जून ते सप्टेंबर मी रस्ता निवडताना अंतर बघत नाही, निसरडं किती आहे ते बघते. ज्या दिवशी कुठेच धड जागा नसते त्या दिवशी घरात टाचा, जिना आणि पूल असतात. पूल म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं.

‘पुन्हा दुखलं तर गादी परत सरकली’

सरकू शकते. या ऑपरेशननंतर साधारण शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी पुढे त्याच जागी पुन्हा त्रास देते असे आकडे सापडतात. ही गोष्ट झाकून कुणाला धावायला लावणं चूक आहे. पण प्रत्येक दुखणं तसलं नसतं. इतके महिने न वापरलेले स्नायू दुखतात, टाक्यांच्या जागी ओढल्यासारखं होतं, थंडीत कंबर आखडते.

मला शिकवलेली खूण अशी. दुखणं दहापैकी तीनच्या आत आहे, कमरेपुरतं आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर येतं, तर चालू ठेवायचं, फार तर आहे तिथेच थांबायचं. दुखणं कंबर सोडून मांडीत, पोटरीत, पावलात खाली उतरतंय, तर एक टप्पा मागे यायचं आणि दाखवायचं. तेच दुखणं पायाकडून कमरेकडे सरकत असेल, तर कमरेत थोडं वाढलं तरी तो सहसा बरा रस्ता. मी डिसेंबरमध्ये एकदा टप्पा मागे आले, दहा दिवस नुसती चालले, मग पुन्हा सुरू केलं. ते आयुष्यभरासाठी थांबणं नव्हतं.

आता जी गोष्ट त्या लांबलचक संदेशात एका ओळीतही नाही, ती. लघवी अडली किंवा कळत नाही अशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला भाग आणि बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचललंच जात नाही किंवा पायाची ताकद झपाट्याने चालली, ऑपरेशनच्या जागेतून पू येतोय आणि ताप आहे, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) नाहीतर जवळ असेल त्या मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत त्याच रात्री पोचा. पहिल्या तीन लक्षणांत कमरेखालच्या नसांचा सगळा जुडगा दाबला गेलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशोब असतो. पुढे पाठवण्यासारखं काही असेल तर एवढा एकच परिच्छेद पाठवा.

त्या मुलीचं धावणं हा आज विषयच नाही. तिला कधी धावायचंही नव्हतं. तिला तळीपर्यंत जायचं आहे आणि पोराला घ्यायचं आहे. परवा मी तिच्याबरोबर चालले, वीस मिनिटं, पट्ट्याशिवाय. परत येताना तिच्या कपाळावर घाम होता आणि पायात कळ नव्हती. या शुक्रवारी तिची डॉक्टरांकडे फेरी आहे. आम्ही वहीच्या कागदावर प्रश्न लिहिले: माझं नेमकं कुठलं ऑपरेशन झालं, कुठल्या बाजूला? आज किती किलोपर्यंत उचलू? फिजिओथेरपी कधीपासून? चौथा तिने स्वतः खाली लिहिला, माझ्या हातातून पेन घेऊन. ‘मुलगा १३ किलोचा आहे. तो स्टुलावर चढून उभा राहिला, तर घेऊ का?’